दारू सुटली, आता नोकरी सोडून समुपदेशक होऊ का?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एमआयडीसीत मशीन ऑपरेटर असलेल्या ३१ वर्षांच्या वाचकाचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून सारांश देत आहोत.

"बारावीनंतर आयटीआय करताना दारू सुरू झाली. पुढे गांजा आणि झोपेच्या गोळ्याही. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालो. दुसऱ्यांदा बाहेर आल्यापासून १४ महिने पूर्ण सोबर आहे, एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा परस्पर मदतगट) मीटिंगला नियमित जातो. कंपनीत आता मन लागत नाही. ज्या केंद्रात बरा झालो तिथले लोक कार्यकर्ता म्हणून घ्यायला तयार आहेत, पण मानधन सध्याच्या पगाराच्या निम्म्याहून कमी. दुसरीकडे एक ओळखीचा म्हणतो, बंगला भाड्याने घेऊन स्वतःचं केंद्र काढू, पैसे मी घालतो, तू चालव. शाळांमध्येही मला बोलावतात. मी माझी कहाणी सांगतो, मुलं सुन्न होऊन ऐकतात. येत्या २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, गावच्या हायस्कूलमध्ये कार्यक्रम आहे. मला वाटतं, जो यातून गेला नाही त्याला हे कधीच कळणार नाही. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून आलेल्या मुलींना आमचे पेशंट सहज गुंडाळतात. बायको म्हणते, आत्ता कुठे घर मार्गी लागलंय, पुन्हा त्या वातावरणात नको. आम्हाला ४ वर्षांची मुलगी आहे. मला याच क्षेत्रात करिअर करायचंय. नोकरी सोडू का?"

तुमच्या पत्रात बायकोच्या वाट्याला एकच वाक्य आलं आहे. मला सुरुवात तिथूनच करावीशी वाटते.

तुमचे १४ महिने मोलाचे आहेत आणि त्याबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन. पण हे १४ महिने तुमच्या बायकोने कसे काढले असतील याचाही विचार करा. तुम्हाला यायला उशीर झाला की आजही तिचा जीव खालीवर होत असणार. गाडीची डिकी, कपाटाचा वरचा कप्पा, पगाराच्या दिवशीचा तुमचा फोन, हे सगळं ती अजूनही नकळत तपासत असेल. दारू सुटायला लागली की व्यसनी माणसाला मोकळं वाटतं. घरच्यांची भीती त्याच्या बरीच मागून सुटते. अशा वेळी नवरा म्हणतो, "मी पगार निम्मा करून दिवसभर व्यसनी माणसांमध्ये राहणार आहे." या बाईने लगेच होकार दिला असता तर मला जास्त काळजी वाटली असती.

तिचा विरोध तुमच्या स्वप्नाला आहे असं तुम्ही धरून चालला आहात. एकदा शांतपणे विचारा की तिला नेमकं काय नको आहे. पैसे कमी होणं, रात्रीची ड्यूटी, की घरी पुन्हा चोवीस तास व्यसनाचीच चर्चा? यातल्या काही गोष्टींवर तोड निघते. विचारताना तिला पटवायला जाऊ नका, फक्त ऐका. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. एएसारखाच कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' आहे. तुम्ही मीटिंगला जाता, तिच्यासाठी तसं काही आहे का? नसेल तर तुमच्या करिअरच्या आधी ते शोधा.

आता तुमच्या मुख्य धारणेकडे येऊ. जो यातून गेला नाही त्याला हे कळणार नाही, असं तुम्ही लिहिता. यात तथ्य आहेच. दाखल झालेला माणूस पहिल्या रात्री थरथरत असतो, तेव्हा "मीही याच खाटेवर होतो" हे वाक्य जे करतं ते कुठल्याही पदवीला जमत नाही. १९३५ साली अमेरिकेत एए उभी राहिली तीच मुळी दोन दारुड्यांच्या एकमेकांशी बोलण्यातून. मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं, आणि तिथे बऱ्या झालेल्या रुग्णांनी काम खांद्यावर घेण्याची मोठी परंपरा आहे. पण ते केंद्र उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या. तिथलं काम या दोन्ही प्रकारच्या माणसांनी मिळून केलं.

गोव्यातलं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. 'संगात' या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी समुपदेशनाचा एक छोटा कार्यक्रम तपासून पाहिला. समुपदेशक गावातलीच साधी माणसं होती, मानसोपचाराची पदवी नसलेली. भेटी जास्तीत जास्त चार. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष पिण्याच्या धोकादायक पातळीच्या खाली आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी २६ टक्के. ही माणसं पट्टीची व्यसनी नव्हती, त्या टोकाला पोहोचायच्या आधीची होती, हे ध्यानात ठेवायला हवं. पण समुपदेशक मुळात दारू पिणारे होते का, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नव्हता. त्यांना नीट शिकवलं होतं, त्यांच्या संभाषणांची ध्वनिमुद्रणं ऐकून सहकारी त्यांना कुठे चुकलं ते सांगत होते, आणि ते ऐकून घेत होते. तुम्हाला असं ऐकून घेता येईल का? केंद्रात तुमच्या बोलण्यावर कुणी बोट ठेवलं तर "तुला काय माहीत, तू कधी प्यायलास का" हे ओठांवर येणार नाही ना? या प्रश्नाचं उत्तर स्वतःशी प्रामाणिकपणे द्या. तुमच्या करिअरचं पुष्कळसं त्यावर ठरेल.

स्वतःच्या अनुभवाचा एक धोकाही असतो. समोरच्या प्रत्येकात आपल्याला आपणच दिसायला लागतो. तुम्हाला एएने तारलं, म्हणून सगळ्यांना तेच लागू पडेल असं नाही. ब्राऊन शुगरच्या, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनच्या, रुग्णाला डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन या औषधी गोळीवर ठेवतात, कधी वर्षानुवर्षं. "गोळीवर आहे म्हणजे सोबर कुठला" असं एखाद्या सीनियर कार्यकर्त्याने हिणवलं आणि रुग्णाने गोळी सोडली, तर तो मरू शकतो. कारण काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि बाहेर पडून त्याने जुनाच डोस घेतला की श्वास थांबतो. दारूचं उलटं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊन माणूस दगावू शकतो. झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवाव्या लागतात, हे तर तुम्ही स्वतः सोसलं असेल. रुग्णाला धीर कधी द्यायचा आणि तडक दवाखान्यात कधी न्यायचं, हे अनुभवाने आपोआप येत नाही. ते शिकावं लागतं.

आणि त्या एमएसडब्ल्यूच्या मुली. पेशंट त्यांना गुंडाळतात हे खरं असेल. पण पेशंट तुम्हालाही गुंडाळतील, फक्त वेगळ्या तऱ्हेने. तुम्हाला ते 'भाऊ' म्हणतील, जुन्या अड्ड्यांच्या गोष्टी काढतील, घरी एक फोन करायला तुमचा मोबाइल मागतील. त्या मुलींना केस हिस्टरी घेता येते, बायको आणि आईला एकत्र बसवून बोलतं करता येतं, आत्महत्येचा विचार कोण करतोय ते हेरता येतं, लिहून ठेवता येतं. त्यांच्या शेजारी बसून हे शिका, आणि पेशंट कुठे खोटं बोलतोय ते त्यांना दाखवून द्या.

आता नोकरीचं. माझं स्पष्ट मत आहे की ती आत्ता सोडू नका.

पगार हे एक कारण झालं. त्याहून मोठं कारण मला वेगळंच वाटतं. व्यसन हा पुन्हा डोकं वर काढणारा आजार आहे. उपचारांनंतर ४० ते ६० टक्के लोकांना रिलॅप्स येतो, म्हणजे व्यसन पुन्हा सुरू होतं, असं अभ्यास सांगतात, आणि दमा किंवा रक्तदाबासारख्या जुनाट आजारांत त्रास पुन्हा उलटण्याचं प्रमाणही त्याहून कमी नसतं. तुम्हाला तो येईलच असं मी म्हणत नाही. पण समजा, एक स्लिप झाली, एकदा पाय घसरला. आज ती झाली तर तुम्ही काय कराल? स्पॉन्सरला, म्हणजे एएमधल्या तुमच्या अनुभवी सोबत्याला, फोन कराल, मीटिंगला उभं राहून सांगाल, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजाल. उद्या तुम्ही केंद्रात कार्यकर्ता आहात, राहायला तिथेच आहात, तीस पेशंट तुमच्याकडे बघतायत, शाळांत तुमचे सत्कार झालेत. मग सांगाल? सोबर असणं हीच नोकरी, तीच प्रतिष्ठा आणि तेच घर झालं की स्लिप लपवली जाते. लपवलेली स्लिप वाढत जाते. या क्षेत्रात मी ज्या माणसांना फार वाईट रीतीने कोसळताना पाहिलं, त्यांतले बरेच असे होते.

म्हणून किमान दोन वर्षं सोबर राहून, मग पूर्णवेळ. तोवर सुटीच्या दिवशी केंद्रात जा. फॉलो-अपच्या गटात बसा, दाखल झालेल्यांच्या घरी भेटी द्यायला कुणी जात असेल तर सोबत जा. आणि एक गोष्ट कायमची पाळा. स्वतःची मीटिंग त्या केंद्राच्या बाहेरची ठेवा, जिथे तुम्ही कुणाचे सर नसाल.

याच काळात शिक्षण सुरू करा. सरकारी अनुदानावरच्या केंद्रांत समुपदेशकासाठी साधारणपणे पदवी मागतात. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसासाठी तिथे 'पीअर एज्युकेटर' हे वेगळं पद असतं, आणि तुमच्यासाठी आत शिरण्याचा तो रास्त मार्ग आहे. पण तिथेच थांबू नका. इग्नूची समाजकार्याची पदवी नोकरी सांभाळून करता येते, बारावी पुरते. मानसशास्त्र मात्र दूरशिक्षणाने शिकवायला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२५च्या सत्रापासून मनाई केली आहे, तेव्हा कुणी 'घरबसल्या सायकॉलॉजी' विकत असेल तर पैसे भरू नका. पुढे एमएसडब्ल्यू करायचं ठरलं तर पुण्यातली कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईतली निर्मला निकेतन आणि टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) ही जुनी ठिकाणं आहेत. व्यसनोपचाराची छोटी प्रशिक्षणं मुक्तांगणसारख्या संस्था घेतात. वीकएंडच्या कोर्सवर मिळणारं 'सर्टिफाइड काउन्सेलर' हे पद भिंतीवर लावायला छान दिसतं, पण त्याने तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती वाट लांबची आहे. तुम्हाला ती चालायची गरजही नाही.

बंगल्याचा प्रस्ताव मात्र आजच्या आज नाकारा. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारांत धरल्या आहेत. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते. साखळीने बांधणं, कोंडून ठेवणं याला तिथे बंदी आहे. आणि तरी आपल्याकडे काय चालतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. घरच्यांनी फोन करायचा, रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून आणायचं, चार धट्ट्याकट्ट्या जुन्या पेशंटनी त्याला 'सरळ' करायचं. पैसे घालणारा माणूस रात्री स्वतःच्या घरी झोपलेला असेल. पहाटे तीनला कुणाला फिट आली, कुणी गच्चीवरून उडी टाकली, तर त्या बंगल्यात तुम्ही असाल. डॉक्टर नाही, नर्स नाही, नोंदणी नाही. पोलीस तुमचंच नाव लिहून घेतील. आणि तुमच्या मनावर राहील ते वेगळंच.

यावरून थोडं विषयांतर करते, कारण समाजकार्य शिकणाऱ्या मुलींचीही अशी पत्रं येतात. त्यांची भीती तुमच्या उलट असते: आम्हाला अनुभव नाही, पेशंट आम्हाला जुमानत नाहीत, घरचे म्हणतात बेवड्यांमध्ये कशाला जातेस. त्यांना माझं सांगणं असं की केंद्र निवडताना मानधनाच्या आधी दोन गोष्टी विचारा. डॉक्टर किती वेळा येतात? आणि तुमच्या केसेसवर आठवड्यातून एकदा तरी कुणी अनुभवी माणूस तुमच्याशी बसून बोलणार आहे का? दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर तिथे तुम्ही वर्षभरात कोरड्या पडाल. पगार या क्षेत्रात कमी आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. जिल्हा रुग्णालयं, तंबाखू नियंत्रण कक्ष, किशोरवयीन मुलांसाठीची 'मैत्री' क्लिनिक अशा ठिकाणची कंत्राटी पदंही नजरेत असू द्या.

आता शाळांबद्दल. हे वाचून तुम्ही दुखावाल याची मला कल्पना आहे, पण सांगणं भाग आहे. मुलं सुन्न होऊन ऐकतात म्हणून परिणाम होतो, असं तुम्ही धरलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने प्रतिबंधाच्या कामाची मानकं २०१३ साली काढली आणि २०१८ साली सुधारली. जगभरचे अभ्यास तपासून त्यांनी जे सांगितलं त्यात असं आहे की भीती दाखवणारी माहिती आणि व्यसनातून बाहेर आलेल्यांची मनोगतं यांचा मुलांवर उपयोग दिसत नाही, उलट परिणामही होऊ शकतो. अमेरिकेत पोलिसांना वर्गात पाठवून चालवलेला 'डेअर' कार्यक्रम अनेक वर्षं गाजला, पण मुलांच्या नशेवर त्याचा टिकाऊ परिणाम दिसला नाही.

असं का होत असेल? तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहा. समोर एक तरतरीत, बोलका माणूस उभा आहे. त्याने सगळं केलं, दारू, गांजा, गोळ्या, आणि तरी आज त्याला शाल-श्रीफळ मिळतंय. मुलाच्या मनात राहतं ते हे, की करून पाहिलं तरी बाहेर येता येतं. शिवाय गोळ्यांबद्दल ज्याने ऐकलंही नव्हतं त्याला ती मिळते हे कळतं. आणि त्याच सभागृहात असा एखादा मुलगा असतो, ज्याच्या बापाने काल रात्री आईला मारलं. तुमची कहाणी संपते, टाळ्या वाजतात, आणि तो तसाच घरी जातो.

मग उपयोग कशाचा होतो? वर्षभर सावकाश चालणाऱ्या कामाचा. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांमध्ये एक प्रयोग झाला. मुलांचं मानसिक आरोग्य, दादागिरी, हिंसा यांवर काम करायला काही शाळांत एक प्रशिक्षित बाहेरचा माणूस नेमला, काही शाळांत तेच काम शिक्षकांकडे दिलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की बाहेरच्या माणसाने शाळेचं वातावरण बदललं, मारामाऱ्या कमी झाल्या, आणि शिक्षकांकडे दिलेल्या शाळांमध्ये तो फरक पडला नाही. तो माणूस मोठा तज्ज्ञ नव्हता. तो रोज शाळेत होता. आइसलँडमध्ये पालकांशी करार, मुलांसाठी खेळ आणि कलांचे क्लब, रात्री उशिरा बाहेर फिरण्यावर मर्यादा, असं सगळं मिळून केलं. १५-१६ वर्षांच्या मुलांत मागच्या महिन्यात पिऊन झिंगल्याचं सांगणारे १९९८ मध्ये ४२ टक्के होते, २०१६ मध्ये ५ टक्के राहिले. तो छोटा, श्रीमंत देश आहे, त्याची नक्कल आपल्याकडे होणार नाही. पण तालीम, कबड्डीचं मंडळ, गावचं वाचनालय आपल्याकडे आहेच. संध्याकाळी पाच ते आठ या वेळात गावातली पोरं कुठे असतात, हा प्रतिबंधाचा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न तंबाखूचा. आपण गांजा आणि एमडी (मेफेड्रोन) या ड्रगबद्दल घाबरून बोलतो, आणि आजीच्या मशेरीबद्दल, बापाच्या तंबाखूच्या पुडीबद्दल बोलत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. लहान मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हे कायदे गावाला माहीत असले आणि सरपंच, मुख्याध्यापक, दोन-चार पालक मिळून टपरीवाल्याशी जाऊन बोलले, तर तुमच्या दहा भाषणांपेक्षा जास्त काम होईल.

तुमची या कामाला गरज नाही, असं यातून वाटून घेऊ नका. देशात २०१९ साली एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल आला, त्यात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेल्या ३७ जणांपर्यंत जायला माणसं हवी आहेत, आणि एमआयडीसीच्या पाळीत काम केलेला, त्याच गावचा, त्याच भाषेत बोलणारा माणूस फार थोड्या संस्थांकडे आहे. तुमच्या कंपनीतही असे कितीतरी जण असतील. एचआरला भेटून पाहा. रविवारची मीटिंग कुठे असते एवढी एक चिठ्ठी नोटीस बोर्डावर लावायला कुणाची हरकत नसावी.

राहिला २६ जूनचा कार्यक्रम. मुख्याध्यापकांना नाही म्हणू नका, पण वेळ आणि श्रोते बदलून मागा. सकाळच्या परिपाठाऐवजी संध्याकाळी, कामावरून लोक परतल्यावर, आणि मुलांऐवजी त्यांचे आईवडील आणि शिक्षक. त्यांना तुमची कहाणी जरूर सांगा, विशेषतः पहिल्या दोन वर्षांची: घरच्यांना काय दिसत होतं, त्यांनी कशाकडे काणाडोळा केला, कुणी तेव्हा काय विचारलं असतं तर तुम्ही खरं बोलला असता. फळ्यावर दोन नंबर लिहा, नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६. एमएसडब्ल्यू झालेल्या त्या मुलींपैकी एखादीला सोबत न्या आणि पालकांचे प्रश्न तिला घेऊ द्या. मुख्याध्यापक म्हणतील की पालक येत नाहीत. तर बचत गटाच्या बैठकीची वेळ विचारून घ्या आणि कार्यक्रम त्यालाच जोडा. मुलांसमोर बोलायचंच असा त्यांचा आग्रह असेल, तर त्या दिवशी तालमीतल्या वस्तादांना बोलवा म्हणावं, आणि जुलैपासून आठवड्यातली कोणती संध्याकाळ ते पोरांसाठी देतील, हे सगळ्यांसमोर ठरवून घ्या.